मागे राहिलेली कुंडी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस शहरातल्या सोसायट्यांच्या कोपऱ्यात जे ढीग साठतात, त्यांत रद्दी, मोडक्या खुर्च्या आणि जुने पंखे यांच्या जोडीला हटकून कुंड्या असतात. रिकाम्या नव्हेत, झाडांसकट. पानं गळून नुसता सोटा उरलेला रबर प्लांट, एका अंगाला कललेला स्नेक प्लांट, हातभर वेल आणि तिच्या टोकाला तीनच पानं उरलेला मनी प्लांट. घर आवरताना ‘हे काही आता जगत नाही’ असा निकाल लागतो आणि कुंडी जिन्याखाली जाते.

दुसरा हंगाम मे-जूनचा. भाड्याच्या घराचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. तो संपला की सामान ट्रकमध्ये चढतं. लांबच्या प्रवासाला झाडं घ्यायला पॅकर्स-मूव्हर्सवाले सहसा नाखूश असतात, त्यामुळे गॅलरीतली बाग गॅलरीतच राहते. परदेशी निघालेल्यांचा तर इलाजच खुंटतो. मुळांना माती असलेलं झाड घेऊन विमानातून उतरणं बहुतेक देशांत चालत नाही, आणि जिथे रोप नेता येतं तिथेही ते रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. मग शेजारच्या काकूंना दोन कुंड्या, वॉचमनला एक, आणि उरलेल्या ‘कुणाला हव्या असतील तर’ म्हणून लिफ्टशेजारी.

या कुंड्यांपैकी बऱ्याचशा जिवंत असतात. घरात ठेवायची म्हणून जी झाडं जगभर रूढ झाली, त्यांतली बरीचशी हाल सोसण्याच्या गुणावरच निवडली गेली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या दिवाणखान्यांत कोळशाचा धूर असायचा, गॅसचे दिवे जळायचे आणि खिडक्यांना जाड पडदे असायचे. तिथे टिकली ती जपानकडची ॲस्पिडिस्ट्रा. पूर्व आफ्रिकेतला झेडझेड प्लांट मातीखाली बटाट्यासारख्या गड्ड्यांत पाणी साठवतो, पाऊस महिनोन् महिने आला नाही तरी तग धरतो. १९९६च्या सुमारास हॉलंडमधल्या रोपवाटिकांनी त्याची व्यापारी लागवड सुरू केली, आणि आज आपल्याकडे बँकांपासून दंतवैद्यांपर्यंत सगळ्यांच्या प्रतीक्षाकक्षात तो दिसतो. कोपऱ्यात विसरला गेला तरी चालतो, हीच त्याची लायकी ठरली.

आणि रबर प्लांट? गॅलरीत मान टाकून उभं असलेलं हे झाड मूळचं आपल्याच ईशान्येकडचं. फायकस इलास्टिका, म्हणजे वड-पिंपळाचा सख्खा भाऊबंद. मेघालयातले खासी आणि जैंतिया लोक याच झाडाची हवेतली मुळं ओढ्यापलीकडे वळवून नेतात आणि त्यांचे पूल घडवतात. एक पूल माणसांचा भार पेलण्याजोगा व्हायला साधारण १५ ते ३० वर्षं लागतात, आणि त्यानंतर तो वर्षागणिक अधिक मजबूत होत जातो. नाँग्रियाटचा दुमजली पूल पाहायला जगभरातून माणसं येतात. जागतिक वारशासाठीच्या युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत हे पूल २०२२ साली दाखल झाले. ज्या झाडाच्या मुळांवरून गाव चालत जातं, ते आठ इंचांच्या कुंडीत मरायला टेकतं, तेव्हा दोष झाडाच्या जिवटपणात शोधण्यात अर्थ नाही. तो कुंडीत शोधायला हवा.

म्हणून अशी एक कुंडी नीट निरखून पाहू. समजा, कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटच्या गॅलरीत मागे राहिलेला रबर प्लांट आहे. उंची कमरेएवढी, खालचं खोड उघडं, शेंड्याला चार पानं, त्यांच्या कडा तपकिरी. कुंडीच्या काठावर पांढरा खरखरीत थर आला आहे. तो बुरशीचा असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते क्षार असतात. बोअरचं जड पाणी आणि वेळोवेळी टाकलेलं रासायनिक खत यांतलं पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट आहे. पाणी घालताच ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि ताटलीत येतं. घालणाऱ्याला वाटतं, झाड पोटभर प्यालं. मुळांपर्यंत मात्र थेंबही पोचलेला नसतो.

जिवंत आहे की नाही हे कळायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे नखाने साल किंचित खरवडून बघणं. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी खाली खरवडायचं. कित्येकदा वरचा हातभर भाग वाळलेला असतो आणि मातीलगतचा वितभर हिरवा. तेवढा पुरतो.

मग कुंडी आडवी करायची, बाहेरून तळव्याने थापटायची, खोड बुंध्यापाशी धरून अलगद ओढायचं. बाहेर येतो तो मुळांचा गड्डा, आणि त्याच्या पोटात बहुतेक वेळा दडलेला असतो लाल मातीचा एक घट्ट गोळा. या गोळ्याचा इतिहास झाडाच्या आजाराशी थेट जोडलेला आहे. महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत विकली जाणारी पुष्कळ शोभेची झाडं आंध्र प्रदेशातल्या कडियमहून ट्रकने येतात. गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीजवळचं हे गाव आणि त्याचा परिसर म्हणजे देशातलं रोपांचं एक मोठं केंद्र. प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून तिथे चिकट माती मुळांभोवती घट्ट बसवलेली असते. प्रवासापुरती ती उपकारकच. पण पुढे रोपवाला तो गोळा तसाच कोकोपीटमध्ये बसवून कुंडी विकतो, घरी आणणारा तसाच ठेवतो, आणि वर्षभरात गोळा विटेसारखा टणक होतो. पाणी मऊ कोकोपीटमधून वाट काढतं, गोळ्यात शिरत नाही. झाड भिजलेल्या कुंडीत तहानलेलं राहतं.

यावर उपाय साधा आहे. गड्डा पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, अर्धा-पाऊण तास तसाच ठेवायचा. माती मऊ झाली की बांबूच्या काडीने बाहेरची माती सावकाश सोडवायची. सगळी नाही, तिसरा हिस्सा पुरे. जी मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरली आहेत ती कात्रीने छाटायची, नाहीतर मोठ्या कुंडीतही ती तशीच फिरत राहतात. मुळाची परीक्षा करताना पुष्कळजण रंगावर जातात, पांढरं ते चांगलं आणि तपकिरी ते कुजकं असं ठरवतात. रबर प्लांटच्या बाबतीत ही खूण फसवी आहे, कारण त्याची निरोगी मुळंही तांबूस-तपकिरी असतात. खरी खूण चिमटीत कळते. निरोगी मूळ टणक लागतं. कुजलेल्या मुळाची साल बोटांबरोबर मोज्यासारखी निसटून येते आणि हातात दोऱ्याएवढी शीर उरते. वासही येतो, तुंबलेल्या गटाराचा. अशी मुळं निरोगी भागापर्यंत कापून टाकावीत. कात्री दर वेळी स्पिरिटने पुसावी.

कुजण्याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण घरातली जास्तीत जास्त झाडं याच एका कारणाने जातात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत प्राणवायू असतो. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारक तुटून पडतात. मूळच गेलं की पाणी वर चढत नाही आणि पानं मलूल होतात. आता घोटाळा असा की तहानलेल्या झाडाची पानंही तशीच मलूल होतात. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात. बघणारा झारी उचलतो. तहानलेलं असेल तर ते वाचतं, कुजत असेल तर त्या पाण्याने ते संपतं. फरक फक्त मातीत बोट घातल्यावर किंवा कुंडी उचलून पाहिल्यावर कळतो. अनुभवी माळी कुंडी जराशी तिरकी करून तिच्या वजनावरून पाणी ठरवतात. ही सवय कुणालाही आठ-पंधरा दिवसांत लागते, आणि ‘दर बुधवारी आणि रविवारी पाणी’ असल्या वेळापत्रकापेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे. मुंबईच्या जुलैत जी कुंडी बारा दिवस ओली राहते, तीच नागपूरच्या एप्रिलात दोन दिवसांत कोरडी पडते. वेळापत्रकाला हे कुठून कळणार?

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा जाड थर घालायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, आणि ती सोडून द्यायला हवी. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून ओथंबेपर्यंत ते अडून राहतं. म्हणजे थर घातला की चिखलाचा भाग खाली जाण्याऐवजी वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढं पुरे.

तीच गोष्ट मोठ्या कुंडीची. आजारी झाडाला ऐसपैस जागा मिळाली तर ते सुखावेल असं मनात येणं स्वाभाविक आहे. पण मुळं थोडी आणि माती फार, अशा कुंडीतलं पाणी कोण पिणार? माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज परत येते. मुळं छाटली असतील तर तीच कुंडी धुऊन वापरावी. छाटली नसतील तर एकच माप वर जावं, सहा इंचांवरून आठ. पावसाळ्यात दमट हवेच्या ठिकाणी, मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात, प्लॅस्टिकपेक्षा भाजलेल्या मातीची कुंडी चांगली. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं. नागपूर-औरंगाबादकडच्या उन्हाळ्यात हाच गुण दोष ठरतो, तिथे प्लॅस्टिक बरं.

आता खत. ताज्या छाटलेल्या मुळांच्या झाडाला खत देऊ नये. शेणखत नको, जीवामृत नको, ताक नको, कांद्याच्या सालींचं पाणी नको, आणि साखर-दुधाच्या चहाचा चोथा तर मुळीच नको, त्याने मुंग्या आणि बुरशी हमखास येतात. मातीत क्षार आधीच साठलेले असताना खताचे क्षार वाढले की मुळांतलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं. उलट अशा वेळी कुंडीच्या मापाच्या तीन-चार पट साधं पाणी सावकाश ओतून जुने क्षार धुऊन काढणं उपयोगी. पहिलं नवं पान पूर्ण उघडेपर्यंत खताचा विषय काढू नये.

आणि मग थांबावं. हे लिहायला एक ओळ लागते, पाळायला फार कठीण जातं. कुंडी बदललेलं झाड पहिले दोन-तीन आठवडे वर काहीच करत नाही. उलट उरलेल्या चारांतली दोन पानं टाकून देतं. याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. कुणी जागा बदलतं, कुणी परत उपटून मुळं बघतं, कुणी दुकानातून ‘टॉनिक’ आणतं. खरं तर झाड त्या वेळी मातीखाली कामाला लागलेलं असतं. जेवढी मुळं उरली तेवढीच पानं ते सांभाळू शकतं. बाकीची टाकून देणं हा त्याचा हिशेब आहे. तो बरोबर असतो, त्यात ढवळाढवळ करू नये.

रबर प्लांटला यापुढची एक सवलत आहे. खोड उघडं पडलेलं, शेंड्यालाच पानं असलेलं झाड पुन्हा भरगच्च करायचं तर त्याचा शेंडा छाटावा लागतो. छाटलेल्या जागेतून पांढरा चीक वाहतो. तो कातडीला आणि डोळ्यांना त्रासदायक असतो, म्हणून हातमोजे घालावेत, चीक ओल्या फडक्याने पुसावा. छाटाखालचे झोपलेले डोळे महिन्या-दोन महिन्यांत जागे होतात आणि एकाच्या जागी दोन-तीन फांद्या फुटतात. पण छाटण्याआधीच शेंड्यावर गुटी कलम बांधलं तर अधिक चांगलं. खोडावर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढायची, तिथे भिजवून पिळलेलं शेवाळ बांधायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं घट्ट करायची. पावसाळ्यात महिना-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसू लागतात. मग त्याखाली कापून शेंडा वेगळ्या कुंडीत लावायचा. टाकून दिलेल्या एका झाडाची दोन होतात. डाळिंब आणि लिंबाच्या रोपांसाठी महाराष्ट्रातले रोपवाटिकावाले हेच तंत्र पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

घरातली झाडं एका हातातून दुसऱ्या हातात जात राहावीत, हे काही आजच्या भाडेकरूंच्या धावपळीतून आलेलं नाही. लंडनच्या क्यू उद्यानात एक सायकॅड आहे, दक्षिण आफ्रिकेतून फ्रान्सिस मॅसन या वनस्पतिसंग्राहकाने १७७५ साली आणलेलं. जगातलं सगळ्यात जुनं कुंडीतलं झाड म्हणून ते ओळखलं जातं. त्याचं खोड आता ४ मीटरहून लांब झालं आहे आणि आधारांवर तोललेलं असतं. तिथे त्याला एकदाच शंकू आला, १८१९ साली, आणि तो पाहायला म्हाताऱ्या झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांनी मुद्दाम क्यूची वारी केली. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यानंतर किती माळी आले आणि निवृत्त झाले, झाड आहे तिथेच आहे. २००९ साली त्याची कुंडी पुन्हा बदलली.

नॉर्वेची गोष्ट यापेक्षाही घरगुती आहे. आग्नार एस्पेग्रेन नावाचा नॉर्वेजियन मिशनरी १९४०च्या दशकात, युद्धाच्या धामधुमीत, चीनमधून बाहेर पडला. वाटेत युनान प्रांतात त्याने गोल नाण्यासारख्या पानांचं एक छोटं झाड पेटीत घेतलं. एस्पेग्रेन कुटुंब कोलकात्याला आलं, काही काळ भारतात राहिलं आणि १९४६ साली नॉर्वेला पोचलं. झाड वाटेत जगलं. त्याला मुळापाशी पिलं फुटतात. एस्पेग्रेन जिथे जिथे गेला तिथे त्याने ती पिलं वाटली, घेणाऱ्यांनी पुढे वाटली, आणि दोन-तीन दशकांत उत्तर युरोपातल्या खिडक्याखिडक्यांत हे झाड पोचलं. कुठल्याही रोपवाटिकेतून नाही, कुठल्याही पुस्तकातून नाही. १९७०च्या दशकात लोक पानं घेऊन क्यूमध्ये विचारायला येऊ लागले, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनाही ते चटकन ओळखता आलं नाही. ‘हे तुमच्याकडे कुठून आलं’ असं स्वीडनमध्ये दूरचित्रवाणीवरून विचारल्यावर हजारो पत्रं आली आणि धागा त्या मिशनऱ्यापर्यंत जाऊन पोचला. पायलिया पेपेरोमिऑइडिस हे त्याचं शास्त्रीय नाव. आज पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतही ते मिळतं.

मनी प्लांट तर सगळाच हस्ते-परहस्ते आलेला. मूळ घर ताहितीशेजारचं मोओरेया बेट. हे झाड लागवडीत फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं बनवता येत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणून घराघरांतला मनी प्लांट कुणाच्या तरी वेलीचा तुकडा असतो. मनी प्लांट विकत आणू नये, दुसऱ्याच्या घरून गुपचूप तोडून आणावा, तरच लाभतो, असा समज आपल्याकडे आहे. लाभाचं राहू द्या, पण या समजाने वेल मात्र घरोघर पोचवली. मागे राहिलेला, तीन पानांचा मनी प्लांट वाचवायला फार काही लागत नाही. वेलीचे असे तुकडे करावेत की प्रत्येकात किमान एक पेर येईल, आणि ते पेर पाण्यात किंवा ओल्या मातीत ठेवावं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मुळं येतीलही, पण पेर नसेल तर नवा शेंडा येत नाही. वाट बघत बसलेल्या पुष्कळ बाटल्यांचं हेच कारण असतं.

स्नेक प्लांटचीही अशीच एक मेख आहे. पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून मातीत खोचलं तर नवी रोपं येतात, पण नुसती हिरवी. तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थरात असतो, आणि पानापासून नवं रोप घडताना तो थर मागे पडतो. काठ हवा असेल तर मातीखालचा फुटवा गड्ड्यासकट वेगळा करावा लागतो.

आणि ब्रह्मकमळ. महाराष्ट्रातल्या वाड्या-चाळींत या नावाने वाढवलेलं हे झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. जंगलात ते झाडांच्या खांद्यांवर, पालापाचोळ्यात वाढतं. ते विकत घेतलेलं कुणी क्वचितच भेटतं. कुणाच्या तरी आत्याने एक पान दिलेलं असतं, खरं म्हणजे चपटं खोड. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास ते उमलू लागतं, शेजारीपाजारी जमतात, आरती होते, फोटो निघतात, सकाळी फूल मिटलेलं असतं. मागे पडलेलं ब्रह्मकमळ सुरकुतलेलं, पिवळट, काटक्या झालेलं दिसतं. त्याचा टणक, हिरवा तुकडा निवडावा, कापलेली बाजू तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मग भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खतात खोचावा. चिकट काळ्या मातीत ते कुजतं. फुलायला दोन-तीन वर्षं लागू शकतात.

दुसऱ्याच्या घरून आलेल्या झाडाबरोबर पाहुणे येतात, हे मात्र विसरता कामा नये. सगळ्यात चिवट पिठ्या ढेकूण, पानाच्या बगलेत कापसाच्या बोंडासारखा बसलेला. कुंडीभोवती मुंग्यांची रांग दिसली तर पानं उलटून बघावीत. किडीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिची राखण करतात. पानाखाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी, खोडावर तपकिरी, न हलणारे ठिपके असतील तर खवले कीड. म्हणून नवी आलेली कुंडी दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवावी. पिठ्या ढेकूण स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढावा, मग आठवड्याने साबणाच्या पाण्यात मिसळलेलं कडुनिंबाचं तेल फवारावं. एका फवारणीत तो जात नाही, अंडी मागे असतात. द्राक्षबागायतदारांना या किडीचा उपद्रव चांगलाच ठाऊक आहे. ते तिच्यावर क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा सोडतात, जो भारतात १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी आणला गेला होता. गॅलरीत तो सोडण्याची गरज नाही, कापूस आणि चिकाटी पुरते.

कुंडीखालची ताटलीही तपासावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासली की हा धोका टळतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर येऊन हेच बघत असतात.

उजेडाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यात डोळे फसवतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात तो २०० ते ५०० लक्स भरतो. माणसाचा डोळा दोन्हीकडे सहज जुळवून घेतो, म्हणून खोली उजेडाची वाटते. झाडाला तिथे उपास घडत असतो. पण उपाशी झाड एकदम गच्चीवर उन्हात ठेवलं तर पानं दोन दिवसांत करपतात. सावलीत घडलेली पानं उन्हासाठी बनलेली नसतात. आधी खिडकीपासून हातभर अंतरावर, मग खिडकीत, मग सकाळचं कोवळं ऊन, असं महिनाभरात न्यावं. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. दूध किंवा तेल लावून चमकवू नये.

हे सगळे कष्ट कशासाठी, याचं एक उत्तर फार प्रचलित आहे आणि ते बाजूला ठेवावं लागेल. घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हा दावा नासाच्या १९८९ सालच्या अहवालावरून पसरला. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला प्रत्येक चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. झाड ठेवावं ते झाडासाठी. त्याला दुसरं कारण लागत नाही.

सगळीच झाडं वाचवण्याजोगी नसतात, हेही सांगितलं पाहिजे. खोड बुंध्यापर्यंत मऊ पडलं असेल, मुळांवर गाठीच गाठी असतील, म्हणजे सूत्रकृमी असतील, तर झाड आणि माती दोन्ही टाकावी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये. गाठ नसलेला निरोगी शेंडा उरला असेल तर तेवढा कापून घ्यावा. अशा वेळी एक तुकडा वाचवणं हेच पूर्ण यश धरावं.

दिवाळीच्या सुमारास पाऊस संपलेला असतो. ऑक्टोबरची तलखी ओसरून गारवा येऊ लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात. थंडीत ही उष्ण प्रदेशातली झाडं वाढ थांबवतात. म्हणून या दिवसांत जिन्याखालून उचललेल्या झाडाची मुळं अगदीच कुजली नसतील तर कुंडी बदलण्याची घाई करू नये. कीड काढावी, क्षार धुवावेत, उजेडात ठेवावं, पाणी कमी करावं. कुंडी बदलणं होळीनंतर, आणि गुटी कलम मृगाच्या पावसाबरोबर.

घर बदलणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. कुंडी लिफ्टशेजारी ठेवून निघून जाऊ नका. महिनाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर सांगा, घेणारा शोधा, त्याच्या हातात द्या. आणि कुंडीला एक चिठ्ठी बांधा. झाडाचं नाव, घरात किती वर्षं होतं, कुठल्या दिशेच्या खिडकीत होतं, पाणी किती दिवसांनी घालत होता, शेवटचं खत कधी दिलं, कीड आली होती का. पाच-सहा ओळींची ही चिठ्ठी असेल तर घेणाऱ्याला निम्मं काम करावं लागत नाही.